धुम्मस, पाणी आणि दीड हजार लिटर हवा

चार मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी एक कामाची खोली घ्या. सुताराची म्हणा, लोहाराची म्हणा, कोकणातली गणपतीची शाळा म्हणा. तिच्यात 15 सेंटिमीटर जाडीची मातीची जमीन करायची आहे. सिमेंट घ्यायचं नाही, फरशी लावायची नाही. तयार झालेल्या जमिनीवर सुताराचा बाक न डुगडुगता उभा राहिला पाहिजे, वरून पटाशी पडली तर तिची धार शाबूत राहिली पाहिजे, झाडू मारला तर धूळ उडता कामा नये आणि टाचेला ती दगडासारखी लागली पाहिजे. आता सांगा, त्या मातीत काय घालाल?

कुणी चुना म्हणेल, कुणी शेण म्हणेल, एखादा जाणता गूळ-हिरड्यापर्यंत जाईल. ते सगळं आपल्या जागी ठीक आहे आणि त्यातल्या काही गोष्टींकडे आपण येणारच आहोत. पण आधी एक हिशेब करू. कुदळीनं खणून टाकलेली सुटी माती घनमीटरला साधारण 1300 किलो भरते. तीच नीट चोपली की घनमीटरला 1950 किलोच्या घरात जाते. आपल्या खोलीला 3 घनमीटर पक्की जमीन लागणार, म्हणजे जवळजवळ 6 टन माती. सुटी असताना ती माती साडेचार घनमीटर भरते. आत आणली साडेचार घनमीटर, झाली तीन. मधली दीड घनमीटर कुठे गेली? मातीचा एक कणसुद्धा खोलीबाहेर पडलेला नाही!

गेली ती हवा. पूर्ण दीड हजार लिटर हवा, धुम्मसाच्या, म्हणजे माती चोपायच्या जड ठोकण्याच्या, ठोक्याठोक्यानं मातीतून हुसकून लावलेली. मातीची जमीन करायची म्हणजे मुख्यतः एवढंच करायचं. पण 'एवढंच' म्हणताना जरा थांबा, कारण यात भल्याभल्या गणितज्ञांना घाम फुटलेला आहे.

मातीचा कण मूळचा दगडाचाच चुरा. निव्वळ त्या दगडाचं वजन घनमीटरला 2650 किलोच्या आसपास असतं. त्या मानानं सुट्या मातीतली निम्मी जागा रिकामी असते. आपण चालतो, बसतो, घरं बांधतो ती माती मोजून पाहिली तर अर्धी पोकळ! चोपलेल्या जमिनीत मात्र 74 टक्के जागा दगडाच्या कणांनी भरलेली असते. आता हा 74 आकडा मनात धरून ठेवा.

1611 साली योहानेस केप्लरनं (ग्रहांच्या कक्षा शोधणारा तोच हा केप्लर) एक अंदाज मांडला. एकाच मापाच्या गोळ्या तुम्ही कशाही रचा, जास्तीत जास्त 74 टक्के जागा भरेल, उरलेली रिकामीच राहील. अंदाज सोपा वाटतो, पण तो सिद्ध करायला 1998 साल उजाडावं लागलं. थॉमस हेल्स या गणितज्ञानं संगणकाच्या मदतीनं सिद्धता दिली, आणि ती अक्षरशः ओळ न ओळ तपासून व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. बरं, ही झाली एकेक गोळी हातानं नेमकी बसवली तरची गोष्ट. गोळ्या नुसत्या ओतल्या आणि हलवून बसवल्या तर गाडी 64 टक्क्यांच्या पुढे सरकत नाही.

मग धुम्मस मारणाऱ्या माणसाला 74 टक्के कसे साधतात? त्यानं तर कुठलाच कण मोजून-मापून बसवलेला नाही. उत्तर असं की मातीचे कण एका मापाचे नसतात. मुरमाच्या खड्यांमध्ये जी फट राहते तिथे जाडी रेती बसते. रेतीच्या फटीत बारीक वाळू, वाळूच्या फटीत पोयटा, आणि पोयट्याच्याही फटीत चिकणमाती. केप्लरची अट एकसारख्या गोळ्यांना आहे, लहानमोठ्यांच्या मिसळीला नाही. म्हणूनच किनाऱ्यावरची वाळू जन्मभर बडवली तरी तिची जमीन होत नाही. लाटांनी आणि वाऱ्यानं तिचे कण निवडून निवडून एका मापाचे करून ठेवलेले असतात. एरवी आपण निवडलेल्या मालाला चांगला माल म्हणतो. इथे न निवडलेला, खड्यापासून पिठापर्यंत सगळं असलेला मुरूमच सोन्याच्या मोलाचा.

तुमच्या परसातल्या मातीत काय काय आहे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेची एक उंच बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून मिनिटभर जोरजोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. हात मागे घेईपर्यंत खडे तळाला गेलेले असतात. अर्ध्या मिनिटात वाळू बसते. त्यावर हळूहळू पोयट्याचा थर चढतो. पण वरचं पाणी? ते गढूळच. चहा झाला, जेवण झालं, तरी ते गढूळच. दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एकाएवढा, चिकणमातीचा कण 10 सेंटिमीटर खाली उतरायला सुमारे आठ तास घेतो. कणाची जाडी निम्मी झाली की त्याचा पडण्याचा वेग चौथाईवर येतो, म्हणून हा सगळा उशीर. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत थर दिसतात, आणि पट्टी लावली की मातीची कुंडली तुमच्या हातात! चिकणमाती पाच-सहा हिश्श्यांत एक, फार तर चारात एक असावी. त्याहून कमी असेल तर जमीन भुगा होऊन सुटते आणि जास्त असेल तर तडकते.

या तडकण्याचीही एक गंमत आहे. चिकणमातीचे कण गोल नसतात, पातळ पापुद्र्यांचे असतात. जांभ्याच्या मुलखातली लाल माती घ्या. तिच्यात केओलिनाइट नावाचं खनिज भरपूर. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, मधे पाण्याला शिरकाव नाही. देशावरच्या काळ्या मातीत मात्र स्मेक्टाइट गटातली खनिजं. त्यांच्या पापुद्र्यापापुद्र्यांत पाणी शिरतं, त्यांना दूर सारतं, आणि वाळताना निघून जातं. केओलिनाइटच्या एका ग्रॅमचं सगळं पृष्ठफळ 10-20 चौरस मीटर भरतं. स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचं किती असेल? 800 चौरस मीटरपर्यंत! म्हणजे साडेआठ हजार चौरस फूट, आणि तेही एका चिमटीत. एवढ्या पृष्ठभागावर पाणी चढणार आणि उतरणार, मग जमीन फुगणार नाही तर काय होईल? उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच.

क्रिकेटवाल्यांना हे कधीचंच ठाऊक आहे. वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची आणि नागपूरची काळ्या मातीची, यावर सामन्याच्या आदल्या दिवशी केवढा काथ्याकूट चालतो! खेळपट्टी ही पाणी देऊन, रोलर फिरवून घट्ट केलेली मातीची जमीनच असते. फरक इतकाच की तिथे चेंडू उसळावा म्हणून चिकणमाती मुद्दाम खूप जास्त ठेवतात, आणि पाचव्या दिवशी तिला भेगा पडल्या तर फिरकीवाले खूश होतात. कारखान्याच्या जमिनीवर अश्विन-जडेजांना काही काम नसतं. तिथे लाल माती बरी, आणि काळीच वाट्याला आली असेल तर तिच्यात निम्म्याहून जास्त मुरूम-रेती मिसळायची.

आता पाणी. माझ्या मते या सगळ्या कामातला खरा कारागीर तोच आहे.

कोरडी माती चोपून बघा. कण एकमेकांवर घासतात, अडून बसतात, धुम्मस उसळी मारतो आणि धुरळा नाकात जातो. भरपूर पाणी घालून चोपा, तर इकडे दाबलं की तिकडे फुगतं, कारण फटींमध्ये आता पाणी बसलंय आणि पाणी दाबून लहान होत नाही. या दोहोंच्या मधे कुठेतरी एक जागा असते, आणि ती रव्याच्या लाडवाच्या पाकासारखी नेमकी असते. मूठभर ओली माती घ्या, दाबून लाडू वळा आणि हात समोर धरून तो खाली टाका. फुटून चार-सहा ढेकळं झाली तर पाणी बेताचं. भुगा झाला तर कमी. टाकल्यावर न फुटता चपटा होऊन बसला तर पाणी जास्त. जगभरात मातीच्या भिंती आणि जमिनी करणारे लोक अशीच परीक्षा घेतात, लाडवाची उंची तेवढी ज्याची त्याची.

ही हाताची परीक्षा आकड्यांत बसवली ती अमेरिकेतल्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरनं. लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात तो मातीच्या धरणांचं काम पाहत होता. 1933 साली त्यानं लेखमालेतून दाखवून दिलं की तितकेच ठोके मारा, पण दर वेळी पाणी थोडं थोडं वाढवत न्या, तर मातीची घनता आधी चढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग उतरू लागते. आज आपल्याकडचा सिव्हिलचा प्रत्येक विद्यार्थी हा प्रयोग करतो. एक लिटरचा साचा, 2.6 किलोचा ठोकणा, 31 सेंटिमीटर उंचीवरून, तीन थर, दर थराला 25 ठोके. महामार्गाचा भराव असो की धरणाची भिंत, दाबाई नीट झाली का हे याच प्रकारच्या कसोटीवर ठरतं. रेताड मातीला हे नेमकं पाणी 8-10 टक्के लागतं, चिकट मातीला 15-20 टक्के. आपल्या खोलीतल्या 6 टन मातीला 600 लिटर धरून चाला. तीन पिंपं!

आणि हे पाणी वाळून गेलं की काम संपलं, असं वाटतं ना? इथेच खरी नवलाई आहे. ते पुरतं वाळत नाही. दोन कणांच्या बेचक्यात पाण्याचा एक सूक्ष्म थेंब अडकून राहतो. त्या थेंबाची कड आत वळलेली असते आणि पृष्ठताण दोन्ही कणांना एकमेकांकडे खेचत असतो. थेंब जितका लहान, तितकी ओढ जास्त. कडेची त्रिज्या एक मायक्रॉन असेल तर ओढ जवळजवळ दीड वातावरणाच्या दाबाइतकी भरते. त्रिज्या दहा पट कमी झाली की ओढ दहा पट वाढते, म्हणजे 14 वातावरणं. जमीन वाळत जाते तसे हे थेंब बारीक होतात आणि पकड आणखी घट्ट करतात. चोपलेल्या मातीच्या भिंतींची ताकद मोठ्या अंशी याच ओढीतून येते, हे 2009 साली इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. मातीची जमीन पाण्यानं मऊ होते हे आपण लहानपणापासून जाणतो. ती टणक राहते तीही पाण्यामुळेच, हे कुणी सांगितलं होतं?

अर्थात फटी पुरत्या पाण्यानं भरल्या तर थेंबांच्या कडा नाहीशा होतात, ओढ संपते आणि चिखल होतो. म्हणून जमिनीच्या पोटात शत्रू येऊ द्यायचा नाही. बारीक मातीच्या फटींतून पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता मीटर-मीटर वर चढतं, पण जाड खडीत ते दोन-चार सेंटिमीटरवरच थकतं. म्हणून तळाला आधी वीतभर दगडगोटे आणि खडी. आपल्या जुन्या घरांना जोतं उंच असायचं ते केवळ रुबाबासाठी नव्हतं.

मग चोपाई. सगळी माती एकदम पसरून वरून बडवायची नाही. ठोक्याचा जोर खाली जाता जाता विरतो, त्यामुळे वर कडक पापुद्रा येतो आणि खाली माती सुटीच राहते. दहा-बारा सेंटिमीटरचा थर पसरायचा, पाच-सात किलोच्या धुम्मसानं कडेकडेनं आत येत चोपायचा, मग पुढचा थर. खळं करणारे शेतकरी तर याहून वरचढ. ते ओल्या जमिनीवर बैल गोल गोल फिरवायचे. बैलाचं वजन खुराच्या तळहाताएवढ्या जागेत एकवटतं, खूर खोल रुततो आणि माती तळातून घट्ट होऊ लागते. फेऱ्या वाढतात तसा खूर कमी कमी रुतत वर येतो. रस्त्याच्या भरावावर खुरांसारखे ठोकळे असलेले रोलर फिरताना पाहिलेत? तेही अगदी असंच तळातून वर येत काम करतात, आणि इंग्रजीत त्यांच्या नावात मेंढीचा पाय आहे.

शेवटचा थर बारीक चाळलेल्या मातीचा. इथे घाई केली की सगळं फुकट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरची माती अर्धवट वाळते, नखानं ओरखडा उठतो पण बोट रुतत नाही, आणि केसासारख्या भेगा दिसू लागतात. त्या वेळी लाकडी चोपणं हातात घेऊन उकिडवं बसायचं आणि पुन्हा चोपायचं. भेगा मिटतात. संध्याकाळी नव्या पडतात, पुन्हा चोपायचं. आधी आवाज धप्प येतो, बोदा. मग तो कोरडा होत जातो, आणि एका क्षणी चोपणं मनगटात परत उसळतं. तिथे थांबायचं. मग नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन जमीन घोटायची. आणि बघता बघता मातीला चकाकी येते! तेल नाही, पॉलिश नाही, तरी चमक कुठून आली? वेडेवाकडे पडलेले चिकणमातीचे पापुद्रे गोट्याखाली आडवे झाले, एकमेकांवर सपाट बसले आणि प्रकाश एका दिशेनं परतवू लागले. कुंभाराचं मडकं घोटून चमकतं ते याच कारणानं.

आता वरची कातडी. घरात शेणानं सारवतात. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातून गेलेल्या कडब्याचे न पचलेले तंतू इतके बारीक चिरलेले असतात की तसे चिरायला यंत्रालाही वेळ लागेल. हे तंतू भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. एवढ्यावर भागत नाही. बुर्किना फासोतल्या मातीच्या विटांवर काम करणाऱ्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडलं की शेणातले घटक मातीतल्या केओलिनाइट आणि बारीक गारेशी रासायनिक संयोग करतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट पदार्थ तयार होतो. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण हात ठाऊक होता. तरीही माझं स्पष्ट मत आहे की रोज बाक सरकतो अशा कामाच्या जागेला नुसतं सारवण पुरत नाही. आठवड्याला सारवत बसलात तर रंधा कधी मारणार?

चुना हा दुसरा मार्ग. चिकट मातीत विरलेला चुना मिसळला की काही तासांत ती हाताला चिकटेनाशी होते, रवाळ होते. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यांवर चढतं आणि त्यांची टोळकी जमवतं. ही झाली सुरुवात. चुन्यानं माती इतकी अल्कधर्मी होते की तिच्यातली सिलिका हळूहळू विरघळू लागते आणि चुन्याशी जोडी जमवून एक नवा पदार्थ बनवते. तो पदार्थ कोणता? सिमेंट ज्यामुळे घट्ट होतं, त्याच जातीचा! सिमेंटसाठी भट्टी 1450 अंशांवर तापवावी लागते. चुन्याची भट्टी हजाराच्या आत-बाहेर भागवते आणि पुढचं काम माती आपली आपण, महिनोन् महिने, पायाखाली थंडपणे करत राहते. जपानी लोक जुन्या घरांतल्या कामाच्या जागेत मातीत चुना आणि मिठागरातलं मीठ काढून घेतल्यावर उरणारं कडू पाणी मिसळून, चोपून जमीन करत. तिला ते तताकी म्हणतात. त्या कडू पाण्यातले क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे धूळ कमी उडते.

पण सुताराच्या खोलीसाठी मला विचाराल तर जवसाचं तेल. विदर्भात ज्याची चटणी करतात तोच जवस, आणि नव्या बॅटला मुरवतात तेच हे तेल. पूर्ण वाळलेल्या जमिनीला त्याचे चार-पाच हात देतात. खोबरेल सांडलं तर वर्षभर तेलकटच राहतं. हे तेल मात्र वाळतं. 'वाळतं' म्हणजे उडून जातं का? मुळीच नाही, उलट त्याचं वजन वाढतं! हवेतला ऑक्सिजन पिऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मातीच्या फटीफटीत घट्ट, लवचीक जाळं तयार होतं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाला रंगाच्या डब्यावर धरलेली याच तेलाची साय दिसली आणि त्यातून 1860 च्या दशकात लिनोलियम जन्माला आलं, जगभरच्या इस्पितळांत आणि कचेऱ्यांत अंथरलं गेलं. आपण तीच साय सरळ मातीत उगवतो.

एक सावधगिरी मात्र कानाला खडा लावून पाळा. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन पिताना हे तेल तापतं, आणि बोळ्याच्या पोटातली ऊब बाहेर पडायला वाट नसते. काडी न लावता तो पेट घेतो. चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

इतकं करून या जमिनीला मर्यादा आहेतच. जिथे रोज पाणी सांडतं, गाड्या धुतल्या जातात, जड ट्रॉल्या ढकलल्या जातात, छप्पर गळतं, तिथे तिच्या नादी लागू नका, सरळ काँक्रीट घाला. पण जिथे आग आहे तिथे उलटा न्याय. वितळलेला धातू काँक्रीटवर सांडला तर आत दडलेल्या पाण्याची वाफ होते आणि काँक्रीटचे टवके उडून अंगावर येतात. म्हणून ओतकाम चालतं तिथे कोरड्या वाळूची जमीन ठेवतात. लोहाराची ठिणगी मातीवर पडते आणि विझते, बस्स. ऐरणीचा ओंडका जमिनीत पुरता येतो, म्हणून ती घणाखाली हलत नाही. आणि खड्डा पडला तर? कुदळीनं उकर, पाणी शिंपड, चोप. तीच माती, पुन्हा नवी. काँक्रीटला ही सोय नाही.

लोहाराच्या जमिनीचा आणखी एक गुण आहे, जो करणाऱ्यालाही ठाऊक नसतो. ती सगळं लिहून ठेवते. भट्टीखालची माती तापून भाजते. तापमान 580 अंशांच्या पुढे गेलं की तिच्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांची जुनी चुंबकीय दिशा पुसली जाते, आणि भट्टी निवताना ते त्या दिवशी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिकडे होतं तिकडे तोंड करून गोठतात. पृथ्वीचं हे क्षेत्र सतत सरकत असतं. त्यामुळे ती भट्टी शेवटची कधी पेटली होती, याचा अंदाज शतकांनंतरही बांधता येतो.

आणि घणाचे घाव? लाल तापलेल्या लोखंडावर हवेनं काळी साय धरते, घाव बसला की तिच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या खपल्या उडतात आणि पायाखाली तुडवल्या जाऊन जमिनीत मुरतात. पुरातत्त्वज्ञ अशा जमिनीवर दोरीनं चौकटी आखतात, प्रत्येक चौकटीतली माती वेगळी घेतात आणि तिच्यात चुंबक फिरवतात. खपल्या जिथे सगळ्यात जास्त, ऐरण तिथेच आसपास होती. ऐरण कुणीतरी हजार वर्षांपूर्वी उचलून नेली असली तरी! पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची गावकऱ्यांची आणि कारागिरांची घरं उजेडात आली. ती ओळखली गेली त्यात पायाखालच्या घट्ट जमिनींचा मोठा वाटा होता. भिंती आणि छपरं केव्हाच मातीला मिळाली होती.

तुमच्या गावात एखादी जुनी लोहारशाळा असेल आणि तिच्या जमिनीवर फरशी घालायचा बेत चालला असेल, तर आधी एक करा. एखाद्या फुटक्या स्पीकरमधलं चुंबक काढा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि त्या जमिनीच्या उकरलेल्या मातीतून सावकाश फिरवा. पिशवीला चिकटलेल्या काळ्या खपल्या कागदावर झटका, पुड्या बांधा, आणि कुठली पुडी कुठल्या कोपऱ्यातली हे तिच्यावर लिहून ठेवा. मग खुशाल गवंड्याला बोलवा.